नऊ अक्षरांची ओळ

जी-आय-एल-जी-एफ-व्ही-एफ-टी-एल. फ्लूच्या विषाणूच्या अंगातली ही नऊ अक्षरं. इथे एकेक अक्षर म्हणजे एकेक अमिनो आम्ल: ग्लायसिन, आयसोल्युसिन, ल्युसिन, पुन्हा ग्लायसिन, फिनाइलअ‍ॅलानिन, व्हॅलिन, पुन्हा फिनाइलअ‍ॅलानिन, थ्रिओनिन आणि शेवटी ल्युसिन. विषाणूच्या आवरणाच्या आतल्या बाजूने थर धरणारं एम-१ हे प्रथिन २५२ अमिनो आम्लांचं असतं. त्यात ५८ ते ६६ या जागांवर ही ओळ येते. फ्लूच्या ‘ए’ प्रकारातले विषाणू आपलं बाहेरचं रूप सतत बदलत राहतात, म्हणून लसही पुन्हा पुन्हा नवी करावी लागते. ही आतली ओळ मात्र ते जवळपास कधीच बदलत नाहीत. आणि माणसाच्या रक्तात अशा पांढऱ्या पेशी सापडतात, ज्यांची वाचण्याची यंत्रणा नेमकी या ओळीशी जुळते. एखाद्या पेशीच्या अंगावर ही ओळ दिसली की त्या तिला संपवतात. तिच्या अगदी लगतची निरोगी पेशी जशीच्या तशी राहते.

यांना मारक टी-पेशी म्हणतात. हे नाव ऐकलं की मन थेट मारण्याकडे धावतं, आणि शाळेच्या पुस्तकापासून वर्तमानपत्रापर्यंत त्यांचं वर्णन युद्धाच्या भाषेत होतं. मला ते वर्णन अपुरं वाटतं. पेशी काय, साध्या आम्लानेही मरते. या पेशींची थोरवी मारण्याआधीच्या वाचनात आहे, आणि मारतानाही न सुटणाऱ्या मापात आहे. अकराव्या शतकातल्या काश्मिरी क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचं जीवित मानलं: जे जिथे शोभतं ते तिथेच, आणि तेवढंच. कवितेसाठी सांगितलेली ही कसोटी मला या सूक्ष्म कृतीला पुरेपूर लागू पडताना दिसते. म्हणून फ्लू झालेल्या माणसाच्या फुप्फुसातली एक बाधित पेशी, तिच्या अंगावरची ही नऊ अक्षरं आणि ती वाचणारी एक मारक पेशी, एवढंच समोर ठेवून ही कृती टप्प्याटप्प्याने वाचू या.

पहिली अडचण अशी, की विषाणू पेशीच्या आत असतो आणि वाचणारी पेशी बाहेर. मधल्या पटलातून आरपार दिसत नाही. ही अडचण मारक पेशी सोडवत नाही. बाधित पेशीच सोडवते. शरीरातली केंद्रक असलेली जवळपास प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांपैकी काही सतत तोडत असते. हे काम प्रोटिअ‍ॅझोम नावाचं, पोकळ नळकांड्याच्या आकाराचं यंत्र करतं. त्यातून निघालेले तुकडे टॅप नावाच्या वाहकातून पेशीतल्या एका कप्प्यात जातात. तिथे त्यांची टोकं छाटली जातात, साधारण आठ ते दहा अक्षरांचं माप साधलं जातं, आणि एचएलए नावाच्या प्रथिनावर बसवून त्यांना पटलाबाहेर मांडलं जातं. घरचं प्रथिन आणि विषाणूचं प्रथिन असा भेद इथे होत नाही. जे आत शिजतं त्याचे नमुने बाहेर येतात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, आणि इथे शीत पेशी स्वतःहून पुढे करते. निरोगी पेशीच्या अंगावर अशी लाखभर शितं असू शकतात आणि ती सगळी घरचीच असतात. विषाणू शिरला की त्यांत थोडी परकी मिसळतात.

या मांडणीत एक प्रामाणिकपणा आहे आणि तो मला फार भावतो. बाधित पेशी आपल्या आजाराचा पुरावा दडवत नाही. तो पुरावा तिच्या मरणाला कारण होणार असतो, तरीही ती तो बाहेर ठेवते. शरीर नावाचा समाज टिकतो तो सगळ्यांनी पाळलेल्या या नियमावर.

मांडणी कशी दिसते हे पाहायचं तर १९८७ सालचं एक चित्र समोर घ्यावं. हार्वर्ड विद्यापीठात पामेला ब्योर्कमन, डॉन वायली, जॅक स्ट्रॉमिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचएलए-ए-२ या मानवी प्रथिनाचे स्फटिक बनवले आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना उलगडली. तळाशी आठ पट्ट्यांची बैठक, तिच्यावर दोन्ही बाजूंनी धावणारे दोन मळसूत्री कठडे, आणि त्या दोहोंमध्ये एक खोबण. त्या खोबणीत काहीतरी होतं. एचएलएच्या स्वतःच्या अणूंनी ज्याचा हिशेब लागत नव्हता, असा एक पुसट, लांबट पट्टा तिथे दिसत होता. तो पुसट होता, कारण तो एकच तुकडा नव्हता. निरनिराळ्या पेशींवरून आलेल्या कितीतरी तुकड्यांची चित्रं तिथे एकावर एक पडली होती. ज्याचा शोध चालला होता तो मजकूर त्याच्या जागेवरच सापडला. एखाद्या रचनेने आपलं काम इतक्या उघडपणे सांगावं, हे विज्ञानात फार वेळा घडत नाही. खोबण पाहताच कळतं की ही काही धरून ठेवण्यासाठी आणि धरलेलं दाखवण्यासाठी आहे.

आपली ओळ या खोबणीत कशी बसते तेही पाहण्यासारखं आहे. तिचं दुसरं अक्षर आयसोल्युसिन आणि नववं ल्युसिन; दोन्ही पाण्यापासून दूर राहणारी. बैठकीत त्यांच्यासाठी दोन खळगे आहेत आणि ती दोन अक्षरं त्यांत रुतून बसतात. ओळ दोन टोकांना पक्की होते आणि मधली अक्षरं वाचकासमोर येतात. एचएलएच्या दुसऱ्या प्रकाराचे खळगे वेगळे असतात, त्यामुळे तो याच विषाणूतून वेगळीच ओळ उचलतो. सहाव्या गुणसूत्रावरच्या या जनुकांचे माणसांत हजारो प्रकार आहेत. मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा जुळते का हे पाहण्यासाठी डॉक्टर एचएलए तपासणी सांगतात, ती याच प्रथिनांची. दात्याचं मूत्रपिंड परकं ठरवणारी ही विविधता साथीच्या वेळी समाजाच्या कामी येते: एखाद्या विषाणूने एका माणसाच्या वाचकांना चुकवलं, तरी सगळ्यांना चुकवणं त्याला अवघड जातं.

या वाचनाचे नियम उमगायला बरीच वर्षं लागली. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी हे उंदरांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका विषाणूवर काम करत होते. बाधित उंदराच्या मारक पेशी दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या बाधित पेशींना मारत नाहीत, हे त्यांनी १९७४ साली दाखवलं. विषाणू तोच, तरी मारक पेशी गप्प. म्हणजे ती नुसता विषाणू पाहत नव्हती; आपलं आणि परकं दोन्ही एकत्र पाहत होती. या शोधाला १९९६ चं नोबेल पारितोषिक मिळालं. माणसाच्या पेशी फ्लूच्या बाबतीत हाच नियम पाळतात, हे अँड्र्यू मॅकमायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली सिद्ध केलं. मारक पेशीला अख्खं प्रथिन लागत नाही, त्याचा छोटा तुकडा पुरतो, हे ऑक्सफर्डमध्ये अ‍ॅलन टाउनसेंड यांनी १९८६ साली दाखवलं. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस गॉच आणि सहकाऱ्यांनी एम-१ मधला, एचएलए-ए-२ वर बसणारा तुकडा शोधला. आपली नऊ अक्षरं त्यातलीच.

आता वाचकाकडे वळू. टी-पेशीच्या अंगावर ओळ वाचणारे हजारो रिसेप्टर असतात आणि एका पेशीवरचे सगळे एकाच घडणीचे. ही घडण जनुकांचे तुकडे वाटेल तसे जोडून ठरते. त्यामुळे एकाही विषाणूची गाठ पडण्याआधी शरीरात कोट्यवधी निरनिराळे वाचक तयार होतात. त्यांतले बहुतेक निरुपयोगी असतात आणि काही घातक. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत त्यांची परीक्षा होते. ज्याला आपल्या एचएलएचा स्पर्शच कळत नाही तो वाचक तिथेच मरतो. जो घरच्या तुकड्यांना घट्ट धरतो त्यालाही बाहेर सोडलं जात नाही. शंभरातले जेमतेम पाच बाहेर पडतात. आपल्या माणसांना ओळखतो, पण त्यांच्यावर हात उगारत नाही, असाच वाचक रक्तात येतो. मारण्याची विद्या त्याला यानंतर मिळते. संयमाची परीक्षा आधी आणि शस्त्र नंतर, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

या वाचकाची आपल्या ओळीशी गाठ पडते तो क्षण मला या साऱ्या कृतीतलं सर्वांत सुंदर स्थळ वाटतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००३ साली त्या भेटीची रचना उलगडली. आपल्या ओळीची अडचण अशी आहे, की ती वाचायला फारसं काही देत नाही. तिच्यात वर डोकावणारी मोठी बाजूशाखा नाही. भरीव अक्षरंही बरीचशी खोबणीत दबलेली. वरून पाहिलं तर जवळजवळ सपाट, वैशिष्ट्यहीन पृष्ठभाग. वाचकाने धरायचं कशाला? त्या सपाटीवर ओळ आणि कठडा यांच्यामध्ये एक बारीकशी खाच राहते. वाचकाच्या रिसेप्टरमधलं एक आर्जिनिन नेमकं त्या खाचेत उतरतं. खुंटी जशी बसावी तसं बसतं आणि ओळख पटते. आश्चर्य पुढेच आहे. एचएलए-ए-२ असलेल्या, एकमेकांशी काही नातं नसलेल्या माणसांत या ओळीचे वाचक तपासले, तर पुष्कळांत हेच आर्जिनिन याच जागी सापडतं. प्रत्येकाच्या थायमसमध्ये जनुकांचे तुकडे स्वतंत्रपणे, वाटेल तसे जोडले गेले आणि तरीही एका अवघड ओळीचा अर्थ लावण्याची तीच युक्ती पुन्हा पुन्हा हाती लागली. उत्तम ओळ आपला वाचक घडवते असं आपण साहित्यात म्हणतो. इथे ते अणूंच्या पातळीवर घडलेलं दिसतं.

ही पकड मात्र फार सैल असते. रिसेप्टर आणि एचएलए यांची गाठ काही सेकंदच टिकते. प्रतिपिंडाची आपल्या लक्ष्याशी असलेली मिठी हिच्या कितीतरी पट घट्ट असते. मग एवढ्या सैल पकडीवर जीव घेण्याचा निर्णय कसा होतो? टिमथी मॅककीथन यांनी १९९५ साली याचं एक देखणं स्पष्टीकरण मांडलं. गाठ पडली की टी-पेशीच्या आत एकामागून एक रासायनिक पायऱ्या सुरू होतात: एलसीके नावाचं विकर रिसेप्टरच्या शेपटांवर फॉस्फेट चढवतं, तिथे झॅप-७० येऊन बसतं, मग पुढचं. गाठ मधेच सुटली तर केलेलं सगळं पुसलं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. घरचा तुकडा क्षणात सुटतो, म्हणून पायऱ्या अपुऱ्या राहतात. खरी ओळ थोडीच जास्त वेळ टिकते आणि तेवढ्यात शेवटची पायरी गाठली जाते. कालावधीतला लहानसा फरक निर्णयातला मोठा फरक होतो. त्यामुळेच लाखभर घरच्या तुकड्यांमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके परके असले, तरी मारक पेशीला ते पुरतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. गायकाने एका श्रुतीचा फरक ओळखावा, तसा हा कान आहे.

निर्णय झाला की दृश्य बदलतं, आणि ते आता डोळ्यांनी पाहता येतं. केंब्रिजमध्ये जिलियन ग्रिफिथ्स यांच्या प्रयोगशाळेने २०१५ साली सूक्ष्मदर्शकाखालच्या अशा भेटींच्या चित्रफिती प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या मारक पेशी उंदराच्या आहेत, पण माणसाच्या पेशींची पद्धतही मुळात हीच आहे. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी पेशी सरपटत येते. तिच्या पुढच्या कडेने पटलाच्या पातळ जिभा निघतात आणि समोरच्या पेशीचं अंग चाचपून पाहतात. ओळख पटेपर्यंत तिची सगळी धावपळ. पटल्यावर ती थांबते, समोरच्या पेशीला चिकटते आणि पसरून सपाट होते. या स्पर्शजागेला सिनॅप्स म्हणतात. तिच्या कडेने चिकटणाऱ्या प्रथिनांचं कडं तयार होतं, मध्यभागी रिसेप्टर गोळा होतात. आतलं अ‍ॅक्टिन तंतूंचं जाळं मध्यातून बाजूला सरतं आणि वाट मोकळी होते.

मग पेशीच्या पोटातून सेंट्रोसोम पुढे येतो. पेशीतल्या सूक्ष्मनलिका जिथून फुटतात ते हे केंद्र. एरवी ते केंद्रकाजवळ असतं; इथे ते थेट सिनॅप्सच्या पटलाला जाऊन टेकतं, हे याच गटाने २००६ साली दाखवलं होतं. त्याच्याबरोबर सगळ्या नलिकांचा रोख फिरतो आणि त्यांच्यावरून घातक प्रथिनांनी भरलेल्या पिशव्या त्या एका बिंदूकडे घरंगळत येतात. साऱ्या पेशीने आपली दिशा बदलून एका बिंदूकडे तोंड केलेलं असतं. चित्रफितीत या पिशव्या लाल रंगात दिसतात, आणि त्या स्पर्शजागेवर एकवटताना पाहून दर वेळी मन भरून येतं. लगतच्या दोन निरोगी पेशी त्याच मारक पेशीला पाठ आणि कूस लावून उभ्या असू शकतात. त्यांच्या दिशेने थेंबही सांडत नाही.

पिशव्यांत परफोरिन आणि ग्रॅन्झाइम ही दोन मुख्य प्रथिनं असतात. परफोरिन पटलाला भोक पाडतं. २०१० साली मेलबर्न आणि लंडनच्या संशोधकांनी त्याची रचना उलगडली, तेव्हा त्याची घडी जिवाणूंच्या काही विषांशी जुळते हे स्पष्ट झालं. जिवाणू आपल्या पेशी फोडायला जी तऱ्हा वापरतात, तीच आपल्या रक्षकांच्या हाती आहे. असं प्रथिन अंगात बाळगणं धोक्याचं, म्हणून त्यावर देश आणि काल यांची बंधनं आहेत. परफोरिनला पटलात शिरायला कॅल्शियम लागतं आणि आम्लता नसावी लागते. पिशवीच्या आत आम्लता भरपूर, म्हणून तिथे ते निपचित पडून असतं. पिशवी सिनॅप्समध्ये रिकामी झाली, की आम्लता जाते, कॅल्शियम मिळतं आणि मगच त्याला धार येते. पेशीने शस्त्र म्यानात ठेवलंय असं म्हणणंही कमीच, कारण म्यानात ते शस्त्र नसतंच.

तरी प्रश्न उरतो. परफोरिन दोन पेशींच्या मधल्या फटीत सुटतं, मग ते मारक पेशीचंच पटल का फोडत नाही? मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०१९ साली याचं उत्तर दिलं. सिनॅप्सपाशी मारक पेशीच्या पटलातले मेदरेणू इतके दाटीने रचलेले असतात, की परफोरिनला शिरकाव मिळत नाही. आणि तिथेच बाहेर आलेला, ऋणभार असलेला फॉस्फॅटिडिलसेरिन हा मेदरेणू त्याला नुसता धरून निष्प्रभ करतो. समोरच्या पेशीजवळ ही सोय नसते. माणसाच्या मारक पेशींबद्दल २०२० साली आणखी एक गोष्ट कळली: त्या ही प्रथिनं सुटी सोडतातच, शिवाय शर्करायुक्त प्रथिनाच्या कवचात बंद केलेल्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपातही सोडतात.

लक्ष्यपेशीच्या पटलावर परफोरिनचे वीस-बावीस रेणू एकमेकांना जोडून कडं करतात. भोक रुंदीला जेमतेम १५ ते २० नॅनोमीटर. लक्ष्यपेशी ते भोक साधारण मिनिटभरात बुजवते, पण तेवढ्या अवधीत ग्रॅन्झाइम आत गेलेलं असतं. परफोरिनचं काम एवढंच: दार उघडून देणं. भोकं मोठी आणि कायमची राहिली असती, तर पेशी फुटली असती, आतला सगळा मालमसाला, विषाणूंसकट, फुप्फुसात सांडला असता आणि दाह भडकला असता. ते टळतं.

माणसात ग्रॅन्झाइमचे पाच प्रकार आहेत: ए, बी, एच, के आणि एम. त्यांतला बी सर्वांत परिचित. तो ठरावीक जागीच प्रथिनं कापतो, अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या पुढे. माणसात त्याचा मुख्य रोख बिड नावाच्या प्रथिनावर असतो. बिड कापलं गेलं, की मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाला वाट फुटते, त्यातून सायटोक्रोम-सी बाहेर पडतं आणि कास्पेज नावाची विकरं जागी होतात. ही विकरं बाहेरून आलेली नसतात. प्रत्येक पेशीत ती जन्मापासून असतात. पेशीच्या सुरळीत मरणाची तजवीज म्हणून ती ठेवलेली असतात. मारक पेशीने फक्त ती जागी केली. यानंतर पेशी आक्रसते, तिचा डीएनए ठरलेल्या मापांत तुटतो, पटलावर बुडबुडे येतात, आणि ‘मला उचला’ असं सांगणारा फॉस्फॅटिडिलसेरिन पटलाच्या बाहेरच्या बाजूला येतो. भक्षक पेशी येऊन अवशेष गिळतात. सांडलवंड नाही, ओरड नाही. मारणाऱ्याने मरणाऱ्याला त्याचंच मरण दिलं. औचित्याचं याहून मोठं उदाहरण मला निसर्गात ठाऊक नाही.

आणि मग मारक पेशी सुटते. अ‍ॅक्टिनचं जाळं पुन्हा मध्यभागी येतं, पिशव्यांची वाट बंद होते, चिकटलेलं कडं सैल होतं आणि ती पुढच्या पेशीकडे निघते. थोड्याच पिशव्या खर्च झालेल्या असतात, म्हणून एक पेशी एकामागून एक अशी कितीतरी लक्ष्यं गाठू शकते. हे सुटणं किती मोलाचं आहे ते कळायला ज्यांच्यात ते होत नाही अशा मुलांकडे पाहावं लागतं. काही बाळांना आई आणि वडील दोघांकडूनही परफोरिनचं सदोष जनुक येतं; त्यातून होणाऱ्या आजाराचं हे कारण १९९९ साली समजलं. त्यांच्या मारक पेशी ओळ बरोबर वाचतात, चिकटतात, पिशव्याही रिकाम्या करतात. पण समोरची पेशी मरत नाही. समोरच्या पेशीत मरण सुरू झाल्याशिवाय मारक पेशीला सुटण्याची खूण मिळत नाही. ती कित्येक पट जास्त वेळ चिकटून राहते आणि त्या सगळ्या वेळात दाह वाढवणारी रसायनं ओतत राहते. भक्षक पेशी त्याने बेभान होतात, ताप उतरत नाही, यकृत आणि प्लीहा सुजतात, रक्तपेशीच गिळल्या जाऊ लागतात. उपचार झाले नाहीत तर हा आजार जीव घेतो. कायमच्या उपायासाठी दुसऱ्याची मूळपेशी लागते. या बाळांच्या वेदनेतून एक गोष्ट स्पष्ट होते: शेवट वेळेवर न होणं हे सुरुवात न होण्याइतकंच घातक आहे.

हे वर्णन एका पेशीचं आहे. प्रत्यक्ष शरीरात चित्र याहून गुंतागुंतीचं असतं. जिवंत उंदरांच्या ऊतींत पाहिलं तेव्हा विषाणूबाधित पेशीला पुष्कळदा एकाच मारक पेशीचा घाव पुरला नाही. दोन-तीन जणींनी पाळीपाळीने यावं लागलं. विषाणूही स्वस्थ बसत नाहीत. नागिणीच्या कुळातले काही विषाणू टॅपचं दार बंद करतात किंवा एचएलए बाहेर येऊच देत नाहीत, म्हणजे वाचायला ओळच उरत नाही. त्यावरचा उपाय दुसऱ्या एका पेशीकडे आहे. नैसर्गिक मारक पेशी कोरं पान पाहूनच सावध होते, ही कल्पना क्लास कारे यांनी १९८० च्या दशकात स्टॉकहोममध्ये मांडली. वाचणारी पेशी आणि वाचण्यासारखं काही नसल्याचं हेरणारी पेशी मिळून ही राखण पुरी होते.

याच कृतीचा एक नवा पाठ मुंबईत तयार झाला आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांना नवा रिसेप्टर दिला जातो. तो एचएलएवरची ओळ वाचत नाही. बी-पेशींवरचं सीडी-१९ हे प्रथिन थेट ओळखतो. पुढचं सगळं तेच: सिनॅप्स, पिशव्या, परफोरिन, ग्रॅन्झाइम. रक्ताच्या काही कर्करोगांत, जिथे बाकी उपाय थकले होते, तिथे या उपचाराने माणसं उभी राहिली आहेत. पण सीडी-१९ निरोगी बी-पेशींवरही असतं, त्यामुळे त्याही मरतात आणि रुग्णाला संसर्गापासून जपावं लागतं. मारण्याची यंत्रणा आपल्या हाती आली आहे. नऊ अक्षरांइतकं बारीक वाचन अजून साधायचं आहे. या क्षेत्रातल्या तरुण संशोधकांची पुढची कामगिरी बरीचशी तिथेच असणार.

म्हणून माझा निर्वाळा असा: मारक टी-पेशी हे नाव तिच्या कामाचा शेवटचा, आणि खरं तर सर्वांत सोपा, भाग सांगतं. तिचं कसब लाखांतून मोजके तुकडे वेचणाऱ्या नजरेत आहे, एका बिंदूवर वळवलेल्या देहात आहे, समोरच्याला त्याच्याच पद्धतीने मरू देण्यात आहे आणि काम होताच सुटण्यात आहे. केंब्रिजच्या त्या चित्रफिती महाजालावर कोणालाही पाहता येतात. त्या जरूर पाहा. समोरची पेशी आक्रसते तो क्षण तर दिसेलच. त्यानंतर मारक पेशी सुटून पुढे निघते, तिथवर नजर हलवू नका.